फळं, मूळ प्रतीबरहुकूम

आमच्या घरी खिळा आधी आला आणि चित्र नंतर. जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर बायकोने तो स्वतः ठोकला. मी तेव्हा एक ब्रशसुद्धा विकत घेतलेला नव्हता.

"अहो, जागा ठरलेली असली की काम होतं," ती म्हणाली, आणि तोवर रिकामा कशाला म्हणून खिळ्याला तिची भाजीची पिशवी अडकवली.

मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याने लिहिलेलं आणि तिसऱ्याने जुळवलेलं माझ्यासमोर यायचं. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे मुद्रित, मधे चष्मा लावलेला मी. मूळ प्रतीत नाही ते मुद्रितात राहता कामा नये आणि मूळ प्रतीत आहे ते सुटता कामा नये, एवढ्या एका नियमावर माझी सगळी नोकरी झाली. छापखान्यात मला 'शुद्धिपत्र' म्हणत. पाठीमागे म्हणतात अशी माझी समजूत होती. निरोपसमारंभात व्यवस्थापकांनी भाषणातच ते नाव घेतलं आणि सगळे हसले, तेव्हा कळलं की इतकी वर्षं तोंडावरच म्हणत होते, माझं डोकं कागदात असल्यामुळे ऐकू आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी घरी बसून औषधांच्या वेष्टनांतली पत्रकं वाचू लागलो आणि पेन्सिलीने दुरुस्त करू लागलो. बायकोने ते काही दिवस पाहिलं आणि म्हणाली, "हाताला दुसरं काहीतरी काम द्या. पानं उलटून उलटून बोटं झिजली तुमची." त्याच आठवड्यात वाचनालयात मला तैलचित्रणावरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. ते वाचलं. मग त्यात उल्लेख होता म्हणून दुसरं वाचलं. जवसाचं तेल रंगाला किती दिवसांत वाळवतं, खालच्या थरात तेल कमी आणि वरच्या थरात जास्त का हवं, सावलीत काळा रंग का वापरू नये, हे सगळं मला पाठ झालं. इतकं कळलं की ब्रश हातात धरायची हिंमत उरली नाही. मी आणखी दोनतीन पुस्तकं वाचून तिथेच थांबलो असतो. पण बायको फोनवर तिच्या थोरल्या बहिणीशी बोलत होती आणि मी दाराआड होतो.

"हे चित्र काढायला लागलेत," बायको म्हणाली. "तैलरंगात. हो, हेच. अगं, खरंच. तू पुढच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला येशील ना, तेव्हा बघ. भिंतीवर लावलेलं असेल."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की मी दाराआडून पुढे आलोच नाही. माझ्याबद्दल फुशारकी मारताना मी तिला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिच्याकडे मारण्यासारखं काही नव्हतंच. ताई म्हणजे मोठी असामी. साडू कंत्राटदार, घरात माणसांचा राबता, आणि ताईंचा आवाज तीन खोल्या पलीकडे जाईल असा. आमचं लग्न ठरलं तेव्हा मला पाहून त्यांनी बहिणीला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मुलगा चांगला आहे गं, पण बोलतो का?" तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. पुढेही बोलायची वेळ आली की ताई आधीच बोलत असायच्या. जावईबापू कसे आहेत हे त्या मला न विचारता माझ्या बायकोला विचारत, मी समोर बसलेला असताना. आणि आता बायकोने माझ्या नावावर पैज लावली होती, हातात ब्रश नसलेल्या माणसाच्या.

म्हणून मी वर्गाला गेलो.

वर्ग एका टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भरायचा. खालून रबराचा वास, वर टर्पेंटाइनचा, त्यामुळे बाकीची सगळी मंडळी पहिल्या दिवशी शिंकली. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असत्या, मला मुलगी असती तर. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर एक सफरचंद ठेवलं आणि म्हणाल्या, "डोळे किलकिले करा. बारीकसारीक दिसेनासं होईल आणि उजेड आणि अंधार तेवढे उरतील."

पुस्तकात हेच लिहिलं होतं. मी डोळे किलकिले केले. पण ज्याने आयुष्यभर बारीकसारीकच पाहिलं, त्याचे डोळे किलकिले केले तरी बारीकसारीकच पाहतात. मी सफरचंदाच्या देठाजवळचा एक टाचणीएवढा डाग अर्धा तास रंगवला. सफरचंद काढायचं राहून गेलं.

"काका," बाई म्हणाल्या, "डाग उत्तम आहे. आता त्याला राहायला घर द्या."

माझ्या शेजारच्या ईझलवर एक निवृत्त दातांचे डॉक्टर असत. ते तासाभरात एक चित्र संपवत. त्यांचं प्रत्येक फळ चकचकीत, गुळगुळीत, आणि प्रत्येकावर एकाच जागी पांढरा ठिपका. कवळीसारखं. माझ्याकडे पाहून ते म्हणत, "अहो, इतका विचार करत बसलात तर पेशंट पळून जाईल."

मग बाईंनी सांगितलं की आता प्रत्येकाने घरी मांडणी करून एक मोठं चित्र पुरं करायचं. उजेड एकाच बाजूने येऊ द्यायचा आणि मांडलेल्या वस्तू हलवायच्या नाहीत.

फळं आणायला बायको गेली. फळवाल्याला तिने सांगितलं, "खायची नाहीत, बसवून ठेवायची आहेत. देखणी द्या." एक केळं, एक नाशपाती, एक संत्रं, एक सफरचंद आणि हिरव्या द्राक्षांचा घड. टेबलाच्या खिडकीकडच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या ताटलीत मी ती मांडली आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यावर जेवू लागलो, कोपराला कोपर लावून. पाणी हवं असलं तर बायको म्हणे, "पाहुण्यांना धक्का न लावता तांब्या द्या."

सुरुवात खरोखर बरी झाली. पातळ तपकिरी रंगाने आकार मांडले, मग सावल्या, मग रंग. चौथ्यापाचव्या दिवशी बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे केळं आहे." प्रश्न नव्हता तो. माझ्या कानशिलांना घाम फुटला. इतका आनंद मला मुद्रितात एकही चूक न सापडल्यावरसुद्धा झाला नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा मला वाईटच वाटायचं.

आणि मग केळ्यावर ठिपके आले.

सकाळी चष्मा पुसून बसलो. डावीकडे ताटली, उजवीकडे कॅनव्हास. ताटलीतल्या केळ्यावर तपकिरी ठिपके होते आणि कॅनव्हासवरच्या केळ्यावर नव्हते. दुसरा कुणी असता तर त्याने नवं केळं आणलं असतं किंवा ठिपक्यांकडे काणाडोळा केला असता. मला दोन्ही सुचलं नाही. मूळ प्रतीत आहे ते मुद्रितात नाही, एवढंच दिसलं, आणि मी बारीक ब्रश घेऊन ठिपके घातले. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी. जेवणाची वेळ झाली तेव्हा पुरे झाले.

दुसऱ्या दिवशी ते मोठे झाले होते. मी मोठे केले. नाशपाती एका अंगाने बसली, मी चाकूने रंग खरवडून तिला बसवली. सफरचंदाच्या सालीला सुरकुती पडली, मी सुरकुती पाडली. रोज सकाळी ताळा घ्यायचा, रोज काहीतरी चुकलेलं निघायचं, आणि रोज दुपारपर्यंत मी ते दुरुस्त करायचो. छापखाना सुटल्यापासून इतका सुखात मी नव्हतो. चित्र पुढे जात नव्हतं, फक्त फळांच्या मागोमाग जात होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बायकोच्या लक्षात आधी आलं. आणि ते द्राक्षांमुळे.

एका सकाळी घडात एक द्राक्ष कमी होतं. मी मोजलेलं नव्हतं, पण देठाचं उघडं टोक दिसत होतं. मी चित्रातलं ते द्राक्ष खरवडून काढलं, मागची सावली भरली आणि देठाचं टोक घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलेलं. तेही काढलं. तिसऱ्या दिवशी खालच्या बाजूची दोन एकदम. जरा वैतागलो, कारण तिथे ताटलीची कड आणि त्यावरची सावली दोन्ही नव्याने करावी लागली.

दुपारी बायको हातात चहाचा कप घेऊन आली आणि बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली.

"मी खाल्लं की इथूनही जातं," ती म्हणाली.

"तू खातेस?"

"पहिलं खाल्लं ते आंबट आहे का पाहायला. मग इथलं नाहीसं झालेलं दिसलं. म्हटलं, योगायोग असेल. म्हणून दुसरं खाल्लं." ती कप ठेवून वाकली. "कालची दोन मुद्दाम. कठीण जागेवरची निवडली. जमतंय का बघायला."

"मग?"

"जमलंय." आणि ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मला हसू आलं नाही. ताई यायला थोडेच दिवस उरले होते आणि माझ्या चित्रातली फळं खाल्ली जात होती आणि सडत होती.

शनिवारी ओला कॅनव्हास छातीपासून दूर धरून मी पुन्हा वर्गाला नेला. रस्त्यात दोघांनी वाट दिली आणि तिसऱ्याच्या बाहीला संत्र्याचा थोडा भाग गेला. बाईंनी चित्र ईझलवर ठेवलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"काका, हे केळं गेल्या वेळी पिवळं होतं."

"गेल्या वेळी केळं पिवळंच होतं."

त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. "खाली किती थर आहेत? हे सहा महिने वाळायचं नाही." मग हळू आवाजात म्हणाल्या, "रोज बदलायचं नसतं, काका. कुठल्यातरी एका दिवशी थांबायचं असतं."

"कुठल्या दिवशी?"

"ते तुम्ही ठरवायचं."

हे मात्र मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. असतं तर मी दुसऱ्या पानावरच पुस्तक मिटलं असतं. ठरवायचं काम लेखकाचं. आपण फक्त त्याने ठरवलेलं नीट उतरलंय की नाही ते पाहायचं. मी खाली मान घालून ब्रश पुसत बसलो. डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. वर्ग सुटल्यावर जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"मेव्हणी येणार म्हणालात ना? माझं एक घेऊन जा. घरी भिंती भरल्यात, बायको ओरडते. अजून सही केलेली नाही."

नको म्हणायला मला नेहमीच वेळ लागतो. तोवर चित्र माझ्या काखेत होतं.

घरी आलो तेव्हा बायको बाहेर गेली होती. मी पिशवी उतरवून डॉक्टरांचं चित्र खिळ्याला लावलं आणि मागे सरकलो. देखणं दिसत होतं. पिवळंधमक केळं, लालबुंद सफरचंद, टपोरी द्राक्षं, प्रत्येकावर पांढरा ठिपका. ताई पाहतील आणि म्हणतील, अगंबाई, हे ह्यांनी काढलं? आणि बायको म्हणेल, मग. त्या 'मग'साठी मी ते तसंच लटकत ठेवलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो.

बायको आली. तिने पिशवी शोधली, ती खुर्चीवर दिसली, मग भिंतीकडे पाहिलं. मी पान उलटलं.

"हे कुणाचं?"

"कसं आहे?"

"चांगलं आहे. कुणाचं?"

"ताईंना बघून काय कळणार आहे," मी वर्तमानपत्रातूनच म्हणालो. "डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या."

तिने चित्र काढलं आणि भिंतीकडे तोंड करून जमिनीवर टेकवलं. रागाने नाही. कुणाच्या तरी घरचा डबा परत द्यायचा असला की ती बाजूला ठेवते, तसं.

"ह्यातली द्राक्षं कुणीच खाल्लेली नाहीत," ती म्हणाली.

मग तिने टेबलावरची ताटली उचलली. केळं आता काळं पडलं होतं, नाशपातीतून पाणी सुटलं होतं, आणि बायकोच्या रोजच्या चाचण्यांनंतर घडाला तीन द्राक्षं उरली होती. ती स्वयंपाकघराकडे निघाली तेव्हा मी उठून उभा राहिलो.

"अगं, अजून आजचं झालं नाही. सफरचंदाची डावी बाजू—"

"आता मूळ प्रत नाही," ती आतून म्हणाली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं. "आहे ते जाऊ द्या छपाईला."

मी बराच वेळ चित्रासमोर बसलो. डावीकडे रिकामं टेबल. ताळा घ्यायला काही नव्हतं. सफरचंदाची डावी बाजू बरोबर की चूक हे आता जगात कुणालाच सांगता आलं नसतं, मलासुद्धा नाही. मग मी ब्रश धुतले. चित्र खिळ्याला बायकोने लावलं.

ताई आल्या त्या दिवशी हात धरून त्यांना जिना चढवावा लागला. एक डोळा जवळजवळ गेलेला आणि दुसऱ्यातून धुकं. आवाज मात्र स्वच्छ होता. बूट काढायच्या आत त्यांनी बायकोला विचारलं, "हे बरे आहेत ना?" मी त्यांची बॅग धरून उभा होतो.

"ते बघ चित्र," बायको म्हणाली. तिने ते इतक्या लवकर म्हटलं की मला वाटलं तिला भीती वाटतेय.

ताई भिंतीपर्यंत गेल्या. आधी लांबून, मग नाक कॅनव्हासला टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

"केळं सडलंय," त्या म्हणाल्या.

बायकोने टेबलावरचं फडकं उचललं.

"आणि द्राक्षं कुठायत? नुसत्या काड्या दिसतायत. अगं, भिंतीवर लावायची तर चांगली फळं काढायची. हे असलं कोण लावतं? घरात आल्या आल्या." त्या बायकोकडे वळल्या. "फोनवर तर म्हणालीस—"

बायको टेबलावरचा न सांडलेला चहा फडक्याने पुसत होती. तिची खाली गेलेली मान मी पाहिली. ती मान मला ओळखीची होती, पण ती माझी होती. छापखान्यात साहेबांसमोर उभा असताना माझी अशी असायची. तिची तशी मी कधी पाहिली नव्हती.

"चांगलीच होती," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनी तर आवाज कुठून आला ते शोधलं.

"आणली तेव्हा चांगली होती. फळवाल्याने निवडून दिली होती. केळं पिवळं होतं, ते पिवळं अजून खाली आहे, ह्या काळ्याच्या खाली. मी पाचव्या दिवशी काढलं तेव्हा ही म्हणाली, हे केळं आहे. त्याच्यावर दुसऱ्या दिवशी ठिपके आले. नाशपाती ह्या अंगाने बसली कारण खिडकीतून ऊन तिथे येतं. आणि ह्या काड्या आहेत ना, ह्या हिने खाल्लेल्या द्राक्षांच्या आहेत. हे पहिलं, आंबट आहे का बघायला खाल्लं. हे दुसरं, चित्रातून जातं का बघायला. ही खालची दोन मुद्दाम, कारण तिथे ताटलीची कड आहे आणि ती मला जमते का ते हिला पाहायचं होतं. ते जमलंय. तुम्ही बघा, कड जोडलेली कुठे कळत नाही. आणि ही तीन उरली, कारण तोवर ह्यांनी ताटलीच उचलली—हिने उचलली. नाहीतर तीही गेली असती." मला श्वास घ्यावा लागला. "तैलरंगात खरवडून द्राक्ष काढणं सोपं नसतं. मागची सावली कुठली हे लक्षात ठेवावं लागतं."

एवढं मी ताईंशी एकूण सगळ्या वर्षांत मिळून बोललो नव्हतो. कान तापले होते. वाक्यात 'हे' आणि 'ही'ची सरमिसळ झाली होती आणि ती माझी मलाच ऐकू आली होती, पण परत घ्यायची सोय नव्हती.

ताई खुर्चीत बसल्या.

"हे बोलतात," त्या बहिणीला म्हणाल्या.

"मग," बायको म्हणाली.

फडकं बाजूला ठेवून ती चहा गरम करायला गेली. ताई पुन्हा उठल्या आणि चित्राजवळ गेल्या. "कुठं म्हणालात ती कड?" त्यांनी विचारलं. माझं उत्तर यायच्या आत, दिसत नाही ते हाताने पाहायच्या त्यांच्या नव्या सवयीने, त्यांनी अंगठा टेकवला. कडेवर नाही, नाशपातीवर. थरावर थर चढवलेली ती नाशपाती लोण्यासारखी मऊ होती. अंगठा आत गेला आणि बाहेर आला.

"ओलं आहे की," ताई म्हणाल्या आणि अंगठा माझ्या रुमालाला पुसला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी ताई नव्या डोळ्याने आमचं घर पाहत फिरल्या, कोळीष्टकं दाखवली, बहिणीचे पांढरे केस दाखवले, आणि भिंतीसमोर थांबल्या.

"आता नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "केळं खरंच सडलंय." मग जरा वाकून, "हे नाशपातीवर काय? माझं बोट का ते?"

"अंगठा," मी म्हणालो.

"मग करा की नीट. तुमचं कामच ते."

माझा हात खरंच शिवशिवत होता. रंग ओला होता, चाकू आतल्या खोलीत होता, दहा मिनिटांचं काम होतं. पण नाशपाती कधीच कचऱ्यात गेली होती, आणि अंगठा मात्र खरोखर लागला होता, त्याच जागी, त्याच दिवशी. बायको दारात उभी राहून मी काय म्हणतो ते ऐकत होती.

"राहू द्या," मी म्हणालो.

सोमवारी डॉक्टरांचं चित्र मी वर्गात परत नेलं. आवडलं नाही का, असं त्यांनी विचारलं. फार आवडलं, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. बाईंनी विचारलं, तुमचं संपलं का? मी हो म्हणालो तेव्हा त्यांनी नवा कॅनव्हास काढून दिला.

घरी आलो तर बायको खुर्चीवर उभी. पहिल्या खिळ्याच्या शेजारी, जरा वर, तिने आणखी एक ठोकला होता. त्याला पिशवी अडकवून ती खाली उतरली. तो पिशवीसाठीच आहे, असं ती म्हणते. मी अजून काही विचारलेलं नाही.